इंग्रजी ‘रन’चा अर्थ लावताना: पायऱ्यांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

इंग्रजी मजकुरात ‘रन’ हा शब्द भेटला की बहुतेक मराठी वाचक आधी ‘धावणे’ हा अर्थ मनात पक्का करतात आणि मग उरलेले वाक्य त्याच्याशी जुळवू पाहतात. ते जुळले नाही की शब्दकोश उघडतात, तिथे अर्थांची लांबलचक रांग दिसते, आणि त्यांतला त्यातल्या त्यात बरा वाटणारा अर्थ उचलून पुढे जातात. या दोन्ही पायऱ्या उलट्या क्रमाने पडलेल्या असतात. या शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांकडून काढून घ्यावा लागतो. लगतच ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ यांसारखा छोटा शब्द आहे का, पुढे कर्म आहे की नाही आणि मागे कर्ता कोण आहे, एवढे आधी ठरले तर निवडीसाठी बहुधा दोन-तीनच अर्थ उरतात. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित आवृत्तीचे काम करताना या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढण्यात आल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तेव्हा पाठांतराच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

## पूर्वतयारी

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण वाक्य हाताशी हवे, आणि शक्य असेल तर त्याच्या आधीचे व नंतरचे वाक्यही. सुट्या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला बरोबर उत्तर मिळणे या शब्दाच्या बाबतीत जवळजवळ अशक्य आहे.

दुसरी गोष्ट शब्दकोशाची. इंग्रजी-मराठी कोश येथे शेवटच्या पायरीवर उपयोगी पडतो, सुरुवातीला नाही, कारण त्यात ‘धावणे, पळणे, चालणे, वाहणे’ असे प्रतिशब्द एकापुढे एक दिलेले असतात आणि कोणता कुठे लागतो हे सांगण्याइतकी जागा नसते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्ही प्रकाशनांचे असे कोश आहेत आणि त्यांत प्रत्येक अर्थाशेजारी क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक हे नोंदलेले असते. ही नोंद बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि नेमके तिथेच अर्ध्याहून अधिक काम असते.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद आणि पेन्सिल. कर्ता, क्रियापद, छोटा शब्द आणि कर्म यांखाली वेगवेगळ्या खुणा करण्याची सवय सुरुवातीला तरी ठेवावी. सराव झाल्यावर खुणा मनातल्या मनात होतात.

## टप्पा १: ‘रन’ नाम आहे की क्रियापद, हे ठरवावे

शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘हिज’ यांसारखे काही असेल किंवा एखादे विशेषण असेल, तर ते बहुधा नाम असते. नाम ठरले की क्रियापदाचे सगळे अर्थ बाजूला ठेवावेत आणि पुढचे टप्पे सोडून थेट नामाच्या पुढील अर्थांकडे वळावे.

क्रिकेटमधली ‘धाव’ सर्वांना ठाऊक असते, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. त्यापुढचे अर्थ मात्र चुकवतात. ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणजे एकामागून एक आलेली संकटे. येथे ‘रन ऑफ’ हा सलगपणा दाखवतो. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवी काढून घेण्यासाठी बँकेवर उडालेली झुंबड. येथे ‘ऑन’ आले आहे, ‘ऑफ’ नाही, आणि अर्थाचा सारा भार त्या एका अक्षरावर आहे. ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या. ‘ड्राय रन’ आणि ‘ट्रायल रन’ म्हणजे प्रत्यक्ष कामाआधीची रंगीत तालीम किंवा चाचणी. ‘चिकन रन’ म्हणजे कोंबड्यांसाठी केलेले जाळीबंद आवार. मोज्यावर ‘रन’ पडला असे लिहिले असेल तर तिथे धागा उसवून रेघ गेली आहे असे समजावे. ‘द रन ऑफ द हाउस’ मिळाला म्हणजे घरात कुठेही वावरण्याची मुभा मिळाली.

तीन ठरावीक वाक्प्रचार स्वतंत्रपणे ओळखून ठेवावेत: ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, ‘इन द लाँग रन’ म्हणजे दीर्घ पल्ल्याचा विचार करता, आणि ‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे चारचौघांसारखे, सामान्य. या तिसऱ्या वाक्प्रचारात गिरणी शोधू नये.

सावधान: ‘द’ लावून अनेकवचनी ‘द रन्स’ असे आले आणि विषय प्रकृतीचा असेल, तर अर्थ जुलाब असा होतो. क्रिकेटच्या वर्णनात हेच दोन शब्द अर्थातच धावांसाठी येतात.

## टप्पा २: क्रियापदाचे रूप तपासावे

वर्तमानकाळी रूप ‘रन’, भूतकाळी रूप ‘रॅन’ आणि भूतकाळी धातुसाधित पुन्हा ‘रन’. पहिले आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे वाचक कर्मणी प्रयोग ओळखण्यात चुकतात. ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’ या वाक्यात शाळा काहीच करत नाही. शाळा एका विश्वस्त संस्थेकडून चालवली जाते. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’ यांपैकी एखादा शब्द मागे आणि ‘रन’ पुढे असेल, तर प्रयोग कर्मणी असतो व अर्थ बहुतेक वेळा ‘चालवणे’ या घराण्यातला असतो.

याउलट ‘लेट मी रन इट बाय हिम’ या वाक्यातही ‘रन’ आणि ‘बाय’ आहेत, पण येथे अर्थ ‘हे एकदा त्याच्या कानावर घालतो’ असा, म्हणजे त्याचे मत घेण्याचा आहे. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी ‘रन’ आणि ‘बाय’ यांच्यामध्ये काही आले आहे का ते पाहावे. मध्ये वस्तू आली, जशी येथे ‘इट’ आली आहे, तर मत घेणे; मध्ये काही नाही आणि मागे ‘इज’ किंवा ‘वॉज’ आहे, तर चालवणे.

‘रनिंग’ या रूपाची एक खास जागा आहे. कालवाचक अनेकवचनी नामानंतर ते आले की ‘सलग’ असा अर्थ होतो. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. तीन दिवस कोणी धावत नव्हते. तेच रूप नामाच्या आधी आले तर विशेषणाचे काम करते: ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहते पाणी किंवा, घराच्या वर्णनात, नळाचे पाणी, ‘रनिंग कॉस्ट्स’ म्हणजे एखादी गोष्ट चालती ठेवण्याचा खर्च. ‘रनिंग मेट’ हा अमेरिकी निवडणुकीतला शब्द आहे आणि तो अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या उमेदवाराला लावतात.

## टप्पा ३: लगतचा छोटा शब्द पाहावा

हा टप्पा कर्ता आणि कर्म यांच्या आधी का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कारण असे की छोटा शब्द आला की मूळ क्रियापदाचा अर्थ बहुधा पूर्ण बदलतो, आणि तो न पाहता कर्म शोधायला गेल्यास भलतेच नाम कर्म म्हणून हाती लागते. सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

‘रन आउट ऑफ’ पासून सुरुवात करू. पुढील तीन वाक्यांत हे तिन्ही शब्द याच क्रमाने आले आहेत. ‘शी रॅन आउट ऑफ द रूम’ म्हणजे ती खोलीतून धावत बाहेर गेली. ‘शी रॅन आउट ऑफ इंक’ म्हणजे तिच्याकडची शाई संपली. ‘द बिझनेस इज रन आउट ऑफ अ गॅरेज’ म्हणजे त्या व्यवसायाचा कारभार एका गॅरेजमधून चालतो. पहिल्यात ‘ऑफ’नंतर जागा आहे, दुसऱ्यात वापराने संपणारी वस्तू आहे, तिसऱ्यात पुन्हा जागाच आहे पण प्रयोग कर्मणी आहे. म्हणून ‘ऑफ’नंतर काय आले हे पाहावे आणि टप्पा २ मधली कर्मणी प्रयोगाची तपासणी विसरू नये. संपणारी गोष्ट हातात धरता येईल अशीच असते असे नाही; वेळ, धीर, कल्पना आणि सबबी यांनाही हीच रचना लागते. ‘ऑफ’ नसेल आणि वस्तूच कर्ता असेल, जसे ‘द इंक रॅन आउट’, तरी अर्थ तोच राहतो. ‘ऑफ’ऐवजी ‘ऑन’ आले आणि पुढे व्यक्ती आली, तर मात्र ‘रन आउट ऑन’ म्हणजे त्या व्यक्तीला वाऱ्यावर सोडून निघून जाणे.

‘रन इंटू’चे पाच अर्थ व्यवहारात सतत भेटतात, आणि ते पुढच्या नामावरून सुटे करता येतात. पुढे व्यक्ती असेल आणि कर्ताही व्यक्ती असेल, तर अचानक भेट होणे. पुढे भिंत, खांब, झाड असे काही असेल आणि कर्ता वाहन असेल, तर आदळणे. पुढे अडचण, विरोध, कर्ज यांसारखे भाववाचक नाम असेल, तर त्यात सापडणे. पुढे मोठी संख्या असेल, तर खर्च किंवा नुकसान त्या संख्येच्या घरात जाणे. आणि पुढे खोली, रस्ता, बाग असेल, तर शब्दशः धावत आत शिरणे. ‘आय रॅन इंटू माय टीचर’ या वाक्याचे ‘मी शिक्षकांवर आदळलो’ असे भाषांतर छापील मजकुरातही दिसते. तिथे ‘मला माझे शिक्षक अचानक भेटले’ एवढेच म्हणायचे असते.

‘रन ओव्हर’मध्ये आधी कर्म आहे का ते पाहावे. कर्म प्राणी किंवा व्यक्ती असेल आणि कर्ता वाहन किंवा चालक असेल, तर अंगावरून गाडी जाणे. कर्म टिपणे, भाषण किंवा यादी असेल, तर त्यावरून एकदा भरभर नजर टाकणे. कर्मच नसेल आणि कर्ता बैठक किंवा कार्यक्रम असेल, तर ठरलेल्या वेळेपेक्षा लांबणे. कर्ता भांडे किंवा टाकी असेल, तर ओसंडणे.

‘रन डाउन’ माणसाच्या बाबतीत दोन टोकांचे अर्थ देते. ‘ही इज ऑल्वेज रनिंग डाउन हिज कलीग्ज’ म्हणजे तो सहकाऱ्यांची नेहमी नालस्ती करतो. ‘ही लुक्स रन-डाउन’ म्हणजे तो थकलेला, खंगलेला दिसतो. मध्ये जोडरेघ आली की ते विशेषण असते आणि इमारतीला लागल्यास त्याचा अर्थ ‘मोडकळीस आलेली’ असा होतो. घड्याळ किंवा बॅटरी ‘रन डाउन’ झाली म्हणजे तिच्यातली शक्ती संपली.

‘रन अप’ पुढे बिल किंवा कर्ज असेल, तर ते साठवत जाणे, डोक्यावर करून ठेवणे. जोडरेघेने जोडलेले नाम ‘रन-अप’ गोलंदाजाचे असेल तर चेंडू टाकण्याआधी तो घेतो ती धाव, आणि ‘इन द रन-अप टु द इलेक्शन’ असे असेल तर निवडणुकीच्या तोंडावर. यासाठी ‘निवडणुकीकडे धावताना’ अशा रचना करणाऱ्यांनी मराठीतला तयार ‘तोंडावर’ विसरू नये.

‘रन थ्रू’ कार्यक्रमाला लागले तर त्याची तालीम किंवा उजळणी, पैशाला लागले तर उधळपट्टी, आणि एखादी कल्पना पुस्तकातून ‘रन थ्रू’ होत असेल तर ती सगळ्या पुस्तकात भिनलेली असते. ‘रन ऑन’ वाहनाला लागले की इंधन सांगते: ‘रन्स ऑन डिझेल’ म्हणजे डिझेलवर चालते.

‘रन फॉर’ थोडक्यात उरकता येते, पण तपासणी न चुकता करावी. पुढे पद असेल तर निवडणूक लढवणे, पुढे बस असेल तर ती पकडण्यासाठी धावणे, पुढे ‘टू इयर्स’सारखा कालावधी असेल तर तेवढा काळ चालणे.

तपासणी: छोटा शब्द काढून टाकून वाक्य वाचून पाहावे. ‘शी रॅन इंटू ट्रबल’ यातून ‘इंटू’ काढले तर वाक्य कोसळते, म्हणजे तो शब्द क्रियापदाला बांधलेला आहे. ‘शी रॅन इन द मॉर्निंग’ यातून ‘इन द मॉर्निंग’ सगळेच काढले तरी ‘शी रॅन’ हे वाक्य अर्थासह उभे राहते, म्हणजे तो भाग फक्त वेळ सांगत होता. ही तपासणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण बहुतेक वेळा पुरते.

सावधान: छोटा शब्द क्रियापदापासून दूरही जातो. ‘द कार रॅन द डॉग ओव्हर’ यात कर्म मध्ये आले आहे, आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते: ‘रॅन इट ओव्हर’. म्हणून ‘रन’च्या लगत काही दिसले नाही तरी वाक्याच्या शेवटापर्यंत नजर न्यावी.

## टप्पा ४: छोटा शब्द नसेल तर कर्म शोधावे

‘काय?’ असा प्रश्न क्रियापदाला विचारावा. उत्तर मिळाले तर क्रियापद सकर्मक आहे आणि ‘धावणे’ हा अर्थ जवळजवळ बाद होतो. आता त्या उत्तराचा प्रकार पाहावा.

कर्म संस्था, दुकान, शाळा, देश असेल, तर चालवणे किंवा कारभार पाहणे. यंत्र किंवा संगणकाची आज्ञावली असेल, तर चालू करणे, चालवणे. चाचणी किंवा तपासणी असेल, तर करणे. बातमी, लेख, जाहिरात असेल आणि कर्ता वर्तमानपत्र असेल, तर छापणे, प्रसिद्ध करणे. बोटे, हात, नजर असेल, तर फिरवणे: ‘ही रॅन हिज आइज डाउन द लिस्ट’ म्हणजे त्याने यादीवरून नजर फिरवली. व्यक्ती असेल आणि पुढे ठिकाण असेल, तर वाहनाने सोडणे: ‘आय विल रन यू टु द स्टेशन’ म्हणजे मी तुला स्टेशनवर सोडतो. ‘टेम्परेचर’ किंवा ‘फीव्हर’ असेल, तर अंगात ताप असणे. लाल सिग्नल असेल, तर तो तोडणे. शस्त्रे किंवा अमली पदार्थ असतील, तर चोरटी वाहतूक करणे. ‘बाथ’ असेल, तर अंघोळीसाठी टबमध्ये पाणी सोडणे.

‘रन अ रिस्क’ येथे थोडे थांबावे. याचे ‘जोखीम पत्करणे’ असे भाषांतर सर्रास केले जाते, परंतु पत्करण्यात जाणूनबुजून स्वीकारण्याचा भाव आहे आणि इंग्रजीत तो दर वेळी नसतो. ‘स्मोकर्स रन अ हायर रिस्क ऑफ हार्ट डिसीज’ या वाक्यात धूम्रपान करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, एवढेच सांगितले आहे. कर्ता विचारपूर्वक पाऊल टाकतो आहे असे वाक्यातून स्पष्ट दिसत असेल तरच ‘पत्करणे’ वापरावे.

‘रन अ प्रोग्रॅम’ हेही फसवे आहे, कारण येथे कर्मच दुहेरी अर्थाचे आहे. विषय संगणकाचा असेल तर आज्ञावली, आरोग्य किंवा शिक्षणाचा असेल तर उपक्रम. आधी कर्माचा अर्थ ठरवावा, मग क्रियापदाचा.

## टप्पा ५: कर्म नसेल तर कर्त्याकडे पाहावे

कर्ता माणूस किंवा प्राणी असेल आणि आतापर्यंत काही सापडले नसेल, तर अखेर ‘धावणे’ किंवा ‘पळणे’ या अर्थाला जागा मिळते. या दोहोंतही भेद करावा. शर्यतीसाठी, व्यायामासाठी किंवा मदतीसाठी असेल तर धावणे. भीतीने किंवा सुटकेसाठी असेल तर पळणे.

कर्ता द्रव किंवा द्रव बाहेर टाकणारी वस्तू असेल, तर वाहणे. नदी वाहते, नाक वाहते, नळ चालू असतो. धुतलेल्या कापडाचा रंग ‘रन’ झाला म्हणजे तो सुटला आणि इतर कपड्यांना लागला. रस्ता, भिंत, डोंगररांग, तार असा लांबलचक स्थिर कर्ता असेल, तर जाणे किंवा पसरणे: ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. यंत्र असेल तर चालणे. नाटक असेल तर त्याचे प्रयोग होत राहणे. करार, परवाना, शिक्षा असेल तर अमलात असणे, मुदत असणे. मजकूर, पत्र, म्हण असेल तर तिचे शब्द तसे असणे: ‘द नोट रन्स ॲज फॉलोज’ म्हणजे चिठ्ठीतला मजकूर असा आहे. रोग किंवा गुण कर्ता असून पुढे ‘इन द फॅमिली’ असेल, तर तो त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘धावणे’ टाळा, टाळा असे इतका वेळ सांगितले, तरी आगगाडीच्या बाबतीत मराठीनेही हेच क्रियापद स्वीकारले आहे आणि ‘गाडी उशिराने धावत आहे’ हे वाक्य कोणाच्याही कानाला खटकत नाही. तेव्हा ‘धावणे’ ठरवून हद्दपार करणे ही उलट्या बाजूची चूक ठरेल.

## टप्पा ६: पुढे विशेषण असल्यास

‘रन’नंतर लगेच विशेषण आले, तर ‘रन’ स्वतः जवळजवळ रिकामे होते आणि अर्थ विशेषणच सांगते. विहीर ‘रन ड्राय’ झाली म्हणजे आटली. साठा ‘रन लो’ झाला म्हणजे संपत आला. पैसे ‘रन शॉर्ट’ झाले म्हणजे कमी पडले. मुले ‘रन वाइल्ड’ झाली म्हणजे मोकाट सुटली. भावना ‘रन हाय’ झाल्या म्हणजे वातावरण तापले. वैर ‘रन्स डीप’ म्हणजे ते खोलवर मुरलेले आहे. मराठीत या सर्वांसाठी वेगवेगळी क्रियापदे लागतात आणि तसेच असू द्यावे.

## टप्पा ७: आता शब्दकोश उघडावा

इतके झाल्यावर शब्दकोशात काय शोधायचे ते माहीत असते. छोटा शब्द सापडला असेल तर मुख्य नोंदीत वेळ न घालवता तिच्या शेवटी दिलेल्या जोडक्रियापदांच्या विभागात जावे. कर्म सापडले असेल तर फक्त सकर्मक अर्थ वाचावेत. वाक्प्रचाराची शंका असेल तर ‘रन’खाली न शोधता त्यातल्या नामाखाली किंवा विशेषणाखाली शोधावे, कारण अतिवापरातल्या क्रियापदांचे वाक्प्रचार शिकणाऱ्यांचे कोश बहुधा तिकडेच ठेवतात, ‘रन रायट’ हा वाक्प्रचार ‘रायट’खाली मिळण्याची शक्यता अधिक.

व्याख्या वाचून थांबू नये. तिच्याखालच्या उदाहरणातला कर्ता आणि कर्म आपल्या वाक्यातल्या कर्त्या-कर्माच्या जातीचे आहेत का, हे ताडून पाहावे. जात जुळली नाही तर व्याख्या कितीही पटो, पुढच्या अर्थाकडे जावे.

## टप्पा ८: मराठी वाक्य घडवावे

अर्थ बरोबर लागूनही वाक्य बिघडते ते येथे. ‘रन’ एकच रूप घेऊन सकर्मक आणि अकर्मक असे दोन्ही होते, मराठीला मात्र ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ असा भेद करावा लागतो, आणि त्याबरोबर कर्त्याची विभक्तीही बदलते. ‘दुकान चालले’ पण ‘तिने दुकान चालवले’. ‘ती धावली’ पण ‘तिने नजर फिरवली’. घाईत लिहिलेल्या भाषांतरांत हा ‘ने’ गळतो किंवा नको तिथे येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंग्रजीत माणूस कर्ता असला तरी मराठीत तो कर्ता राहिलाच पाहिजे असे नाही. ‘वी आर रनिंग लेट’ याचे ‘आम्ही उशिरा धावत आहोत’ असे न करता ‘आम्हाला उशीर होत आहे’ असे करावे. ‘वी हॅव रन आउट ऑफ टाइम’ म्हणजे ‘आपल्याकडे वेळ उरलेला नाही’. ‘शी इज रनिंग अ फीव्हर’ म्हणजे ‘तिला ताप आहे’. मराठी अशा ठिकाणी माणसाला ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला बसवते आणि वेळ, उशीर, ताप यांना कर्तेपद देते. इंग्रजीचा कर्ता जसाच्या तसा ठेवण्याच्या हट्टामुळे जेवढी वाक्ये परकी वाटू लागतात, तेवढी चुकीचा शब्द निवडल्यामुळेही वाटत नसावीत.

## टप्पा ९: उलट तपासणी

तयार मराठी वाक्य मूळ इंग्रजी झाकून वाचावे आणि त्यातून कोण, काय, कोणाला, केव्हा ही चार उत्तरे काढावीत. मग इंग्रजी उघडून तीच उत्तरे तिथे मिळतात का ते पाहावे. एकही उत्तर फिरले असेल तर टप्पा २ पासून पुन्हा सुरू करावे.

सरावासाठी एक गच्च भरलेले वाक्य घेऊ: ‘द फर्म, रन बाय टू सिस्टर्स, रॅन इंटू ट्रबल व्हेन कॅश रॅन शॉर्ट अँड द लीज हॅड ओन्ली अ मंथ टु रन.’ पहिल्या ‘रन’मागे ‘इज’ दिसत नाही, पण तो गाळलेला आहे. ‘बाय’आधी वस्तू नाही, म्हणून कर्मणी प्रयोग आणि अर्थ चालवणे. दुसऱ्याला ‘इंटू’ आणि त्यापुढे भाववाचक नाम, म्हणून अडचणीत सापडणे. तिसऱ्यापुढे विशेषण, म्हणून कमी पडणे. चौथ्याचा खरा कर्ता भाडेकरार, म्हणून मुदत असणे. आता मराठी वाक्य: ‘दोन बहिणी चालवत असलेली ती पेढी अडचणीत आली, तेव्हा रोकड कमी पडली होती आणि भाडेकराराची जेमतेम महिन्याची मुदत उरली होती.’ ‘रन’ चार वेळा आला आणि चारही ठिकाणी मराठी शब्द वेगळा आला.

काही वाक्ये मात्र सर्व टप्पे पार करूनही सुटत नाहीत. ‘शी रॅन द मॅरेथॉन लास्ट इयर’ यात छोटा शब्द नाही, कर्म आहे, कर्ता व्यक्ती आहे, आणि तरीही ती मॅरेथॉन धावली की तिने त्या शर्यतीचे आयोजन केले, हे वाक्य सांगत नाही. टप्पा ४ मध्ये कर्म मिळाले की ‘धावणे’ जवळजवळ बाद होते असे म्हटले होते. त्या ‘जवळजवळ’मध्ये शर्यत, मैल आणि अंतर ही कर्मे येतात. अशा वेळी उत्तर शेजारच्या वाक्यांतच असते. स्वयंसेवक, प्रायोजक, नोंदणी यांचा उल्लेख असेल तर आयोजन. वेळ, सराव, गुडघा यांचा उल्लेख असेल तर धावणे. शेजारीही काही सापडले नाही, तर अंदाजाने एक अर्थ ठोकून देऊ नये. दोन्ही अर्थ समासात लिहून ठेवावेत आणि पुढच्या मजकुरात खुलासा झाल्यावरच त्यांतला एक खोडावा.